सीपी-सॅट सॉल्व्हर : हिंगण्याच्या कारखान्यातील अनुभव

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या छोट्या मशीन शॉपमध्ये कोणता जॉब कोणत्या मशीनवर केव्हा चढवायचा, हे वर्षानुवर्षे सुपरवायझरांच्या वहीत आणि त्याहून अधिक त्यांच्या डोक्यात ठरत असे. त्यांची निवृत्ती जवळ आल्यामुळे आम्ही गूगलच्या ओआर-टूल्स या सॉफ्टवेअर-संचातील सीपी-सॅट हा सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारे चांगल्यात चांगले उत्तर शोधणारा प्रोग्राम, वापरायला घेतला. तो मुक्त स्रोत असल्याने फुकट मिळतो. खर्च होतो तो पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा जाणणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

त्याचे खरे बळ नियमांच्या मांडणीत आहे. एका लेथवर दोन जॉब एकाच वेळी नकोत, ही अट एका ओळीत लिहिता येते. फिटर दोनच असल्याने जुळणीची दोनांपेक्षा जास्त कामे एकत्र नकोत, ही दुसऱ्या. मे महिन्यात दुपारी बारा ते चार भट्टी भरायची नाही, हा आमचा अलिखित नियमही त्यात सहज बसला. गणित मात्र सोपे नाही. १० जॉब आणि १० मशीनचा, १९६३ साली प्रसिद्ध झालेला एक नमुना-प्रश्न सर्वोत्तम उत्तराच्या सिद्धतेसाठी १९८९ पर्यंत अडून राहिला होता. आज सीपी-सॅट तो साध्या लॅपटॉपवर थोडक्या वेळात सोडवतो.

अडचण येते ती अटी परस्परविरोधी झाल्यावर. तेव्हा 'उत्तर अशक्य' एवढेच कळते. कोणत्या अटींनी घोळ केला हे हवे असेल, तर त्यासाठी वेगळी मांडणी आधीच करून ठेवावी लागते. आम्ही एका जॉबची मुदत चुकून आदल्या महिन्याची भरली होती, आणि ती शोधण्यात अख्खा दिवस गेला. मशीनचे सेटिंग बदलायचा वेळ आधीच्या जॉबवर अवलंबून असेल, तर चांगले वेळापत्रक लवकर मिळते, पण याहून चांगले नाहीच याची खात्री तासभर थांबूनही मिळत नाही. शिवाय सॉल्व्हर प्रत्येक अवधी निश्चित मानतो. प्रत्यक्षात टूल तुटते, माल उशिरा येतो, आणि गणित पुन्हा चालवले की सगळे वेळापत्रकच बदलते, ज्यावर ऑपरेटर रास्तपणे चिडतात. त्यामुळे आता वेळापत्रकातले पहिले दोन दिवस आम्ही गोठवतो आणि सॉल्व्हरने पुढच्या दिवसांत बदल केल्यास त्याच्या गणितात दंड लावतो, म्हणजे तो विनाकारण बदल टाळतो.

निवृत्तीनंतरही सुपरवायझरसाहेब आठवड्यातून दोनदा येतात. अटी ते सांगतात, लिहितो मी.