लक्ष्मीनगरचा पोर्तुगीज क्लास: ब्राझीलला शिकायला जायचं असेल तर कसा आहे?

आपल्या नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या पोर्तुगीज क्लासबद्दल बरेच जण विचारून राहिले, खास करून ज्यांना ब्राझीलच्या युनिव्हर्सिटीत एमए-पीएचडीसाठी अप्लाय करायचंय ते, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं समाजशास्त्रात एमए झालंय आणि पुढे ब्राझीलवरच काम करायचंय, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या नजरेनं लिहिलाय. फिरायला जायच्या आधी चार वाक्यं शिकायची असतील तर मोबाईलवरच्या ॲपनं भागेल, इथे त्याहून खूप जास्त शिकवतात आणि मेहनतही तेवढीच करून घेतात.

मॅडम एक नंबर आहेत. गोव्यात पोर्तुगीज शिकल्या, मग काही वर्षं ब्राझीलच्या साओ पावलो शहरात होत्या, आता सासर नागपूरचं म्हणून इथे. सुरुवातीला पुस्तक उघडूच देत नाहीत, नुसते उच्चार. आपल्या मराठीत अनुस्वार आहे म्हणून नाकातले स्वर आपल्याला सहज जमतील असं सगळ्यांना वाटतं, पण आपण शेवटी न् नाहीतर म् जोडून टाकतो आणि तिथेच गडबड होते. मॅडम काय करतात, तर प्रत्येकाला नाक चिमटीत धरायला लावतात आणि 'नाँउ' म्हणायला सांगतात, म्हणजे 'नाही'. नाक धरल्यावर आवाज कोंडला तर स्वर नाकातून येतोय, बरोबर आहे, काहीच फरक पडला नाही तर पुन्हा म्हणा. एकेकाच्या बाकापाशी उभं राहून ऐकतात, कोणाला सोडत नाहीत. आमच्या बॅचमध्ये एक रिटायर्ड काका होते, त्यांच्याकडूनही तेवढंच करून घेतलं. शब्दाच्या सुरुवातीचा र 'ह'सारखा, त्यामुळे रिओचं 'हिउ' होतं, 'दि'चं 'जि' होतं, 'ति'चं 'चि' होतं, आणि ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफेकडे गेलात तर बऱ्याच जणांच्या तोंडी 'दि' आणि 'ति' तसेच ऐकू येतील, हे सगळं पहिल्याच महिन्यात कानावर पडतं. नंतर ब्राझीलच्या बातम्या लावल्या तर निदान शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागतात, आणि हे मला तरी फार मोठं वाटलं.

आता तक्रार. जे पुस्तक देतात ते पोर्तुगालचं आहे आणि तेही झेरॉक्स. मॅडम ब्राझिलियन शिकवतात आणि पुस्तकात लिस्बनची भाषा, म्हणजे बस पुस्तकात 'आउतोकारू' आणि वर्गात 'ओनिबुस', ट्रेन पुस्तकात 'कोंबोयु' आणि वर्गात 'त्रें'. मॅडम प्रत्येक पानावर पेन्सिलनं दुरुस्त करून घेतात पण त्यात वेळ जातो, आणि घरी बसून अभ्यास करणाऱ्याचा गोंधळ होतो. एवढी फी घेतल्यावर ब्राझीलचं पुस्तक द्यायलाच पाहिजे, हे मी क्लासमध्येही सांगितलंय.

पण ज्याच्यासाठी मी हा क्लास सगळ्यांना सांगते तो म्हणजे शनिवारचा दुसरा तास. तो पूर्ण ब्राझीलच्या समाजावर असतो. कार्निव्हल, सांबा, फुटबॉल एकाच तासात आटोपतात आणि मग खरं सुरू होतं. जवळपास 48 लाख आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून तिथे उतरवली गेली, अमेरिका खंडात गुलामी सगळ्यात शेवटी तिथे संपली, 13 मे 1888 ला, आणि कायद्यानं मोकळ्या झालेल्या माणसांना ना जमीन मिळाली ना पैसा. ही पार्श्वभूमी नीट समजावल्यावर मॅडमनी कारोलिना मारिया दे जेझुसची डायरी हातात दिली. ही काळी बाई साओ पावलोच्या कानिंदे झोपडपट्टीत राहायची, रस्त्यावरचा कागद-भंगार वेचून तीन मुलं वाढवायची, शाळा जेमतेम दोन वर्षं, आणि मिळालेल्या वह्यांमध्ये रोजचं लिहून ठेवायची. 1960 मध्ये ते छापून आलं. पहिली नोंद 15 जुलै 1955 ची आहे, त्या दिवशी तिच्या मुलीचा वाढदिवस, मुलीला बूट घ्यायचे होते पण खाण्याच्या वस्तूंच्या महागाईनं जमलं नाही, मग कचऱ्यात सापडलेला जोड धुऊन शिवून तिनं मुलीला दिला. वाक्यं अगदी छोटी छोटी, त्यामुळे नवशिक्यालाही वाचता येतात, आणि तिच्या व्याकरणाच्या चुका छापताना तशाच ठेवल्यात, तर मॅडम त्या चुकाही वाचून दाखवतात, दुरुस्त करत नाहीत.

ते पान वाचताना वर्गात कोणी बोलेना. नागपूरच्या पोरांना हे परकं वाटूच शकत नाही, आपण दीक्षाभूमीच्या गावात वाढलो, दलित आत्मकथनं घराघरात वाचली गेलीत, आणि इथे तर 1960 च्या आधीच एक बाई तिकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हेच लिहून राहिली होती. 13 मे 1958 च्या नोंदीत ती म्हणते की आजची गुलामी म्हणजे भूक आणि मी तिच्याशी लढतेय. मला पीएचडीचा विषय तिथे मिळाला, त्यासाठी मी मॅडमची कायम ऋणी राहीन.

मग कोट्याचा विषय निघाला. तिथे 2012 च्या कायद्यानं केंद्राच्या युनिव्हर्सिट्यांमधल्या निम्म्या जागा सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी ठेवल्यात आणि त्यातच काळ्या, मिश्रवर्णी आणि आदिवासी मुलांचा वाटा आहे. आपल्याकडे जातीचा दाखला, मग व्हॅलिडिटी, सगळ्यांनी त्या चकरा मारलेल्या, त्यामुळे पहिला प्रश्न हाच आला की तिथे ठरवतं कोण. तर तिथे आधी माणूस स्वतःच लिहून देतो की मी काळा, मिश्रवर्णी वगैरे, आणि खोटे दावे यायला लागले म्हणून नंतर बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी पडताळणी समित्या नेमल्या, त्या समित्या आजी-आजोबा विचारत नाहीत, समोर उभ्या माणसाचा रंग-रूप बघतात. आपल्याकडे वंशावळ काढतात, तिथे चेहरा बघतात. यावर तासभर वाद झाला, तोही तुटक्या पोर्तुगीजमध्ये, आणि मॅडमनी मराठीत बोलू दिलं नाही. भाषा अशीच शिकवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

टर्मच्या शेवटी मॅडम फेजोआदा करतात. मूळ पदार्थ काळ्या घेवड्याचा आणि डुकराच्या मांसाचा, इथे व्हेजवाल्यांसाठी राजम्याचा वेगळा, सोबत भात, परतलेली पालेभाजी आणि संत्र्याच्या फोडी. फोडी तिथेही देतात, आपण इथे नागपुरी संत्रं लावलं एवढाच फरक, आणि जड जेवणावर ती आंबट-गोड फोड फार छान लागते. गुलामांनी मालकाच्या उरलेल्या मांसातून हा पदार्थ काढला अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, पण बऱ्याच इतिहासकारांना ती पटत नाही, पोर्तुगालमध्येही मांस-कडधान्य एकत्र शिजवायची जुनी पद्धत आहे, हेही मॅडमनी जेवता जेवता सांगितलं.

दुसरी तक्रार सेल्पे-ब्रासची, ही जास्त महत्त्वाची. ब्राझील सरकारची ही पोर्तुगीज भाषेची परीक्षा बऱ्याच युनिव्हर्सिट्या मागतात. वेगवेगळ्या लेव्हलचे वेगळे पेपर नसतात, सगळ्यांना एकच पेपर, मार्कांवरून लेव्हल ठरते, इंटरमीडिएटच्या खाली राहिलात तर सर्टिफिकेटच नाही. लेखी तीन तासांचं, चार टास्क, एक व्हिडिओ बघून, एक ऑडिओ ऐकून, दोन मजकूर वाचून, आणि प्रत्येकात पत्र, लेख, ईमेल असं काहीतरी कोणासाठी तरी लिहायचं, रिकाम्या जागा भरा वगैरे काही नाही. वर वीस मिनिटांची तोंडी. क्लासमध्ये तोंडीची तयारी उत्तम होते पण घड्याळ लावून लिहायचा सराव जवळजवळ नाहीच. जाहिरातीत परीक्षेची तयारी असं लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. जुने पेपर इंटरनेटवर फुकट मिळतात, आम्ही चौघी-पाच जणी रविवारी अंबाझरीला बसून ते सोडवायचो आणि मॅडम नंतर तपासून द्यायच्या, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

फी सहा महिन्यांची 18 हजार, दोन हप्त्यांत देता येते. महाग वाटेल, पण ब्राझीलच्या सरकारी युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली तर ट्यूशन फी नसते, परदेशातल्यांनाही नाही, राहण्या-खाण्याचा खर्च मात्र स्वतःचा किंवा स्कॉलरशिपचा, त्यामुळे हिशोब करताना ते धरा. जागा लहान आहे, उन्हाळ्यात कूलर पुरत नाही, एप्रिल-मेची बॅच टाळा. पावसाळ्यानंतरच्या बॅचमध्ये पोरं कमी असतात आणि बोलायला जास्त मिळतं. पहिले दोन तास फुकट बसू देतात, शक्यतो शनिवारीच जा.