फेस उठवायचा की स्पंज बुडवायचा?

हाडाच्या दुरुस्तीसाठी सच्छिद्र बायोअ‍ॅक्टिव्ह (हाडाशी जोडली जाणारी) काच करायची म्हटलं की ज्युनिअर मुलं हमखास विचारतात: सोल-जेलचा फेस (सोल म्हणजे पातळ द्रावण, ते घट्ट होऊन जेल) की स्पंजवर स्लरी (काचेच्या भुकटीचा पातळ लगदा)? नाशकात मी दोन्ही केलंय.

गुणांत फेस उजवा, हे आधीच कबूल करतो. ७०एस३०सी या सिलिका-कॅल्शियमच्या काचेत सोडियम लागत नाही, ७०० अंशांवर भागतं, काच काचच राहते. शिवाय नॅनो आकाराच्या छिद्रांमुळे एसबीएफमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं द्रावण) अ‍ॅपेटाइटचा, म्हणजे हाडासारख्या खनिजाचा, थर लवकर धरतो. पहिल्यांदा मीही हाच धरला होता.

अडतं ते ओतताना. सरफॅक्टंट (साबणासारखं फेस करणारं रसायन) आणि जेल लवकर धरायला ५ टक्के एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) घालून सोल जोरात घुसळायचा, आणि तो घट्ट व्हायच्या बेतात असताना साच्यात ओतायचा. ती वेळ मिनिटांत येते नि निघून जाते, आणि सगळी हवेवर अवलंबून. आमच्या लॅबला एसी नव्हता. मेमधल्या एका दुपारी सोल बीकरमध्येच थिजला, घुसळणीचं पातं आत अडकलेलं. जानेवारीत उलटं. जेल धरेना, बुडबुडे फुटत गेले, फेस बसला. ६० अंशांवर तीन दिवस ठेवून, वाळवून बाहेर काढलेली वडी वर जाळीदार आणि खाली गोटा! मापं तीच, हात तोच. त्यात एचएफ घातक, तेव्हा भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही आणि एकट्यानं तर नाहीच.

स्पंजला ऋतू फारसा कळत नाही. पीव्हीए (कण चिकटवणारा पॉलिमर) घातलेल्या स्लरीत बुडवा, पिळा, उजेडाकडे धरून बुजलेली भोकं बघा, पुन्हा पिळा. चुकलं तर धुऊन टाका. गादीचा फोम मात्र नको, फिश टँकच्या फिल्टरचा घ्या. मग भट्टीत स्पंज जाळताना ४०० अंशांपर्यंत सावकाश चढा, नाहीतर सांगाडा बसतो. पॉलियुरेथेनचा धूर वाईट, फ्यूम हूड हवाच.

उणीव आहेच. स्पंज जळून गेला की काड्या आतून पोकळ राहतात. लॅरी हेंच यांची १९६९ची ४५एस५, म्हणजे पहिली बायोअ‍ॅक्टिव्ह काच, तर सिंटरिंगमध्ये (भाजून कण जोडताना) स्फटिकते आणि तुकडा चिमटीत चुरतो. १३-९३ ही दुसरी बायोअ‍ॅक्टिव्ह काच वापरली तेव्हा माझं बरंच निभावलं. ती एसबीएफमध्ये थर धरायला जरा आळशी, एवढंच.

एसी खोली, सोबतीला जोडीदार आणि हाताशी वेळ असेल तर फेस जरूर करा. माझ्यासारखं सबमिशन मार्चमध्ये असेल, तर आधी फिश टँकचं दुकान गाठा.