सिंगापूर, मॉरिशस की श्रीलंका? प्राणी बघायला बेट निवडताना

परीक्षा संपत आल्या की कोल्हापुरात राजारामपुरीत, स्टेशन रोडला ट्रॅव्हलवाल्यांच्या दारात त्याच त्या पाट्या लागतात: सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका, बाली. चारही उष्ण कटिबंधातली बेटं, आणि चारही पॅकेजांत कुठे ना कुठे प्राणिसंग्रहालय घुसवलेलं. हॉटेल, विमानाच्या वेळा, जेवणात जैन मिळेल का, हे सगळं एजंट तोंडपाठ सांगतो. प्राण्यांचं विचारलं की म्हणतो, "सगळीकडे सगळं आहे, साहेब." तसं मुळीच नाही. घरात प्राणीवेडं पोरगं असेल तर कोणत्या बेटावर काय बघायला मिळतं, यावरच सहलीचे पैसे वसूल होतात किंवा पाण्यात जातात.

आधी निकाल सांगून टाकतो. लहान मुलं आणि आजी-आजोबा एकत्र निघणार असतील तर डोळे झाकून सिंगापूर. मुलं सातवी-आठवीच्या पुढची आणि 'का' विचारणारी असतील तर मॉरिशस, पण पॅकेजमध्ये एक बदल करून घेऊन. हत्तीसाठीच जीव टाकणारं कोणी असेल किंवा खर्च आवरायचा असेल तर श्रीलंका. बालीला प्राण्यांसाठी म्हणून जाऊ नका. इतर कारणांनी गेलात तर एक जागा चुकवू नका.

बाहेरून आणलेले

लांबून जनावरं आणण्याची हौस कोल्हापूरला नवी नाही. संस्थानच्या काळात चित्त्यांकडून शिकार करवण्यासाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले जात. त्यामुळे बेटावर जिराफ दिसला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. तो तिथे कसा ठेवलाय एवढं बघायचं.

या बाबतीत सिंगापूरच्या जवळपासही कोणी नाही. मंडाई भागात, जलाशयाच्या काठावर १९७३ साली तिथलं प्राणिसंग्रहालय सुरू झालं ते गजांच्या पिंजऱ्यांना शक्य तिथे फाटा देऊनच. प्राणी आणि माणूस यांच्यात खंदक, पाणी किंवा दाट झाडी. ओरांगउटान तुमच्या डोक्यावरच्या फांद्यांतून जातात. 'फ्रॅजाइल फॉरेस्ट' नावाच्या मोठ्या जाळीदार घुमटात आपणच आत शिरतो, आणि लेमूर हातभर अंतरावरच्या कठड्यावर बसून पपई खात असतात. त्यांच्या लेखी आपण नसतोच. शेजारी १९९४ साली सुरू झालेली नाइट सफारी आहे. निशाचर प्राण्यांसाठीचं हे जगातलं पहिलं प्राणिसंग्रहालय. चांदण्यासारखा मंद उजेड, हळू चालणारी ट्रॅम आणि फ्लॅश मारायला सक्त मनाई. नद्यांच्या प्राण्यांसाठी 'रिव्हर वंडर्स' आहे, पांडा तिथेच. 'बर्ड पॅरडाइज' २०२३ मध्ये उघडलं आणि 'रेनफॉरेस्ट वाइल्ड एशिया' २०२५ मध्ये. एजंटाच्या कागदावर अजून 'जुरोंग बर्ड पार्क' छापलेलं असेल तर समजा, की त्याने बऱ्याच दिवसांत पॅकेज उघडून बघितलेलं नाही. ते जानेवारी २०२३ मध्येच बंद झालं.

पण मंडाईचीच एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. १९९० मध्ये तिथे इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल जन्माला आलं, उष्ण कटिबंधात जन्मलेलं पहिलं. २००४ मध्ये त्याची आणि त्याच्या आईची फर चक्क हिरवी दिसायला लागली. ध्रुवीय अस्वलाचे केस आतून पोकळ असतात, दमट हवेत त्या पोकळीत शेवाळ धरलं होतं. ते धुऊन काढलं, पण २००६ मध्ये संग्रहालयाने ठरवलं की यापुढे ध्रुवीय अस्वलं आणायची नाहीत. इनुका २०१८ मध्ये गेला. एवढं नावाजलेलं ठिकाण 'हे आपल्या हवेत जमत नाही' असं म्हणून थांबलं, हे मला त्यांच्या सगळ्या शोजपेक्षा मोठं वाटतं.

एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. नाइट सफारीत ज्या सिंहापुढे ट्रॅम थांबते तो आशियाई सिंह, म्हणजे आपल्या गीरचाच भाऊबंद. रिव्हर वंडर्सच्या गंगा विभागात सुसर आहे. पासपोर्टवर शिक्के मारून घेऊन गुजरातचा सिंह आणि उत्तरेतली सुसर बघायची, हे ज्याला खटकेल त्याने आधीच ठरवावं.

मॉरिशसच्या पॅकेजमध्ये हमखास असतं ते कासेला. १९७९ मध्ये पक्षी उद्यान म्हणून सुरू झालं, आता झेब्रे, जिराफ, गेंडे, झिपलाइन असं सगळं आहे. जागा मोकळी आणि देखणी, पण तो आफ्रिकेचा देखावा आहे. मॉरिशसच्या मातीशी झेब्र्याचा काही संबंध नाही. सिंहांबरोबर चालण्याचा कार्यक्रमही तिथे प्रसिद्ध आहे. माझं मत विचाराल तर त्यावर पैसे घालू नका. काठी हातात धरून सिंहाशेजारी फोटो काढण्यात मुलाला सिंहाबद्दल काहीच कळत नाही.

बालीची गत तर विचारूच नका. तिथल्या सफारी पार्कात पांढऱ्या वाघांसाठी रणथंबोरच्या किल्ल्याचा सेट उभा केलाय. बालीचा स्वतःचा वाघ होता, लहान चणीचा. तो १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकारीत संपला.

तिथलेच रहिवासी

मॉरिशस आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण चौथा हिस्सा. समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट, त्यामुळे वटवाघळं सोडली तर जमिनीवर मूळचा सस्तन प्राणी एकही नव्हता. शत्रूच नाही म्हटल्यावर पक्षी निर्धास्त झाले. डोडो तर उडणंच विसरला. मग माणूस आला, त्याच्यासोबत उंदीर, डुकरं, माकडं आणि मांजरं आली. सतरावं शतक सरता सरता डोडो संपला. पुढे उंदीर मारायला भारतातून मुंगूस नेलं, तर त्याने पक्षीच मारले. आजही हॉटेलच्या बागेत पहिल्या सकाळी तुम्हाला दिसतील त्या आपल्या साळुंक्या आणि तुरेवाला शिपाई बुलबुल. दोघंही माणसाने नेलेले. तारेवर किंचाळणारा पोपटही आपलाच.

मूळचे पक्षी बघायचे असतील तर आग्नेय किनाऱ्यावर माएबूर गावाजवळून बोटीने इल ओ एग्रेत या बेटावर जावं लागतं. अवघं २६ हेक्टरचं, प्रवाळाच्या खडकाचं बेट. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने तिथले उंदीर, मांजरं काढून टाकली, बाहेरची झाडं उपटली आणि मूळचं आबनुसाचं जंगल परत वाढवायला घेतलं. पिंजरे नाहीत, शो नाही. वाटाड्याबरोबर पायवाटेने तास-दीड तास हिंडायचं, बस्स.

तिथे गुलाबी कबूतर दिसतं. आपल्या पारव्यापेक्षा थोराड, छातीवर फिकट गुलाबी छटा, शेपूट विटकरी. १९९०च्या सुमारास रानात अशी जेमतेम दहा उरली होती. आज काही शे आहेत. बेटावरच्या केस्ट्रेल या छोट्या ससाण्याची कथा तर याहून बिकट. १९७४ मध्ये रानात फक्त चार ससाणे माहीत होते. मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीने आणि जंगलतोडीने ही पाळी आणली होती. कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने अंडी काढून उबवणं, पिल्लं हाताने वाढवणं, खाद्य पुरवणं असे उद्योग वर्षानुवर्षं करून ती जात वाचवली. कबुतरांमागेही तोच माणूस होता.

वाटेत थांबलात की पाचोळ्यातून खसखस ऐकू येते आणि वीतभराहून लांब, तुकतुकीत सापसुरळी तुमच्या बुटाशी येऊन जीभ लपलपवते. ही टेलफेअर सापसुरळी. जगात फक्त राऊंड आयलंड नावाच्या एका खडकावर उरली होती, तिथून आणून इथे सोडली. तिला माणसाची भीती नाही. डोडोचं काय झालं असेल ते वाटाड्याने न सांगताही मुलांना तिथेच समजतं.

आणि याच बेटावर बाहेरचा विरुद्ध स्थानिक हे गणित उलटंपालटं होतं. आबनुसाच्या झाडाखाली जी राक्षसी कासवं चरत असतात ती मॉरिशसची नाहीत, सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची आहेत. मॉरिशसची कासवं खलाशांनी खाऊन संपवली. आबनुसाची फळं गिळून बिया दूरवर टाकणारं मग कोणी राहिलं नाही आणि जंगल पसरायचं थांबलं. म्हणून परक्या कासवांना त्या कामाला लावलंय. कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हे इथेच तपासून बघितलं गेलं.

हीच कासवं दक्षिणेकडच्या ला व्हॅनिल उद्यानात शेकड्यांनी आहेत. तिथे पाला भरवता येतो, मान खाजवली की ते पाय ताणून उंच होतात आणि डोळे मिटतात. लहान मुलांसाठी ला व्हॅनिल कासेलापेक्षा शंभर पटींनी बरं. तिथे मादागास्करहून आणलेल्या नाइल मगरीही आहेत, आणि हॉटेलात मगरीचं मांस मिळतं. तांबड्या-पांढऱ्याच्या गावच्या माणसांनी ते खावं की नाही, यात मी पडत नाही.

मूळच्या प्राण्यांत सिंगापूर अगदीच रिकामं आहे असं नाही. नाइट सफारीत सुंदा जातीचं खवले मांजर आहे, तिथल्याच रानातलं. आपल्या सह्याद्रीत त्याचा चुलतभाऊ आहे, पण राधानगरीला आयुष्य काढलेल्या माणसालाही तो क्वचितच दिसतो. पिसोरीएवढंच चिमुकलं हरीण फ्रॅजाइल फॉरेस्टमध्ये पायाशी फिरतं. पण हे शोधायचं ठरवून गेलात तरच सापडतं. गर्दी पांडापुढे असते.

बालीची ती एक जागा म्हणजे बर्ड पार्क. तिथे बाली मैना बघा: साळुंकीच्याच कुळातली, पण दुधासारखी पांढरी, डोळ्याभोवती निळी कातडी. रानात ती फक्त बालीची, आणि पिंजऱ्यात पाळण्याच्या हौसेनेच जवळजवळ नामशेष झालेली.

हत्तीचा विषय

हा कोल्हापुरात जपूनच काढावा लागतो. शाहू महाराजांच्या काळात साठमारी, म्हणजे हत्तीला चिथवून त्याच्याशी झुंजायचा खेळ, बघितलेलं हे गाव. २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या खासगी प्राणी बचाव केंद्रात गेली, तेव्हा जिल्हा रस्त्यावर आला होता. हत्तीने माणसांत राहावं की हत्तींत, यावर घराघरांत वाद झाले. श्रीलंकेत त्या वादाच्या दोन्ही बाजू दोन गावांत बघता येतात.

पिन्नावाला हे १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठी काढलेलं केंद्र. कळप गावातल्या रस्त्याने चालत महाओया नदीवर आंघोळीला जातो, ते दृश्य खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे. मात्र आता तिथले बरेच हत्ती तिथेच जन्मलेले आहेत, काहींच्या पायांत साखळ्या असतात आणि सगळा कारभार पर्यटकांच्या वेळापत्रकाने चालतो. उडावलावेचं ट्रान्झिट होम १९९५ चं. तिथे पिल्लांना ठरावीक वेळी नळीने दूध पाजतात. आपण लांबच्या कट्ट्यावरून बघायचं, हात लावायचा नाही. पुढे माणसाची सवय लागू नये म्हणून हे बंधन. पाचेक वर्षांची झाली की पिल्लं जंगलात सोडतात. दूध पिऊन झाल्यावर सोंड झटकत धावणारं पिल्लू बघितलं की मुलं हात लावायचं विसरतात. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात जीपने गेलात तर मोकळे हत्ती दिसतात. नरांना बहुतेक सुळे नसतात, श्रीलंकेत तसे मखनेच जास्त.

एजंट पिन्नावाला देतो, कारण ते कोलंबोहून कँडीला जाताना वाटेवर पडतं. उडावलावे दक्षिणेला आहे, एक मुक्काम वाढतो. तो वाढवा. कोलंबोजवळचं देहिवाला प्राणिसंग्रहालय खुशाल गाळा.

पाय, पाऊस आणि पोट

तिन्हीकडे जायला आधी मुंबई गाठायची. तिथून कोलंबो अडीच तासांच्या आसपास, सिंगापूर साडेपाच, मॉरिशस सहाच्या घरात. सिंगापूरला कधीही गेलात तरी घाम आणि अवचित पाऊस आहेच. चालणं भरपूर, पण व्हीलचेअर, ट्रॅम, स्वच्छतागृहं यांची सोय चोख. प्रत्येक बागेचं तिकीट वेगळं, त्यामुळे एका दिवसात सगळं कोंबू नका. सकाळी प्राणिसंग्रहालय, ऊन चढल्यावर सावलीतलं रिव्हर वंडर्स, आणि नाइट सफारी दुसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून. नाहीतर पोरं ट्रॅममध्येच पेंगतात. पक्ष्यांसाठी तिसरा अर्धा दिवस.

मे महिन्यात श्रीलंकेच्या कोलंबोकडच्या बाजूला पावसाळा लागतो, उडावलावे मात्र कोरड्या पट्ट्यात आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या उन्हाळी सुट्टीत तिथे हिवाळ्याची चाहूल असते. कोल्हापूरच्या मे मधून सुटका हवी असेल तर एवढं एक कारणही पुरे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, शाळांत मराठी, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी, आणि गाड्यावर मिळणारी डाळपुरी. तिच्यात पुरण असतं, पण गूळ नसतो, त्यामुळे पहिल्या घासाला बिचकू नका.

इल ओ एग्रेत बहुतेक पॅकेजांत नसतं. कासेलाचा दिवस काढून ते घालायला सांगा, बोटीची जागा आधी राखून ठेवा. एजंट नाहीच म्हणाला तरी अडत नाही. माएबूर विमानतळाला लागूनच आहे. परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर सामान टॅक्सीत टाकून सकाळच्या बोटीने बेट बघून होतं.