‘शोशन्ना’चा शोध आणि सेफारियाचे ग्रंथालय

सुझन, सुझाना, सूझी ही नावे वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत इतकी रुळलेली आहेत की त्यांच्या मुळाशी हिब्रूतील ‘शोशन्ना’ हे फूल आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हे फूल नेमके कोणते, यावर शतकानुशतके मतभेद आहेत, आणि ते मूळ ग्रंथांतूनच वाचायचे असतील तर सेफारिया या संकेतस्थळाइतके सोयीचे साधन मला दुसरे आढळलेले नाही. ज्यू परंपरेतील ग्रंथांचे हे ग्रंथालय २०११ साली स्थापन झालेली एक ना-नफा संस्था चालवते. त्यासाठी पैसे पडत नाहीत, वाचण्यासाठी खातेही उघडावे लागत नाही.

आरंभ ‘गीतरत्न’ या हिब्रू बायबलमधील प्रेमगीतांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायापासून करावा. काट्यांमधल्या शोशन्नेचे वचन निवडताच बाजूला त्यावरील भाष्ये उघडतात, आणि या सेवेचे खरे मोल तिथे कळते. अकराव्या शतकातील फ्रान्सचे भाष्यकार राशी लिहितात की काट्यांनी टोचले तरी शोशन्नेचे सौंदर्य आणि तिची लाली टिकून राहते. म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे लाल फूल आहे, बहुधा गुलाब. त्यांच्या नंतरच्या शतकात स्पेनमधील इब्न एझ्रा मात्र पांढरे, सुगंधी, सहा पाकळ्यांचे फूल वर्णितात, आतले सहा लांब तंतूही नोंदवतात आणि नावाचा संबंध ‘शेश’, म्हणजे सहा, या शब्दाशी जोडतात. ही व्युत्पत्ती आज मानली जात नसली तरी लिलीचे इतके अचूक निरीक्षण वाचून मन प्रसन्न होते. ‘झोहर’ या गूढवादी ग्रंथाच्या प्रारंभी तर शोशन्नेत लाल आणि पांढरा हे दोन्ही रंग आहेत आणि तिला तेरा पाकळ्या आहेत. एरवी तीन जाड खंड उघडून ठेवावे लागले असते, ते सारे इथे एका पडद्यावर येते.

मूळ शब्दावर टिचकी मारली की कोशांतील नोंदी दिसतात. त्यांतील अर्नेस्ट क्लाइन यांचा व्युत्पत्तिकोश मला सर्वांत उपयुक्त वाटला. ते या शब्दाचा माग प्राचीन इजिप्तच्या भाषेपर्यंत नेतात, जिथे तो पाण्यातल्या कमळासाठी होता; अरबीतील ‘सौसन’ हा त्याच कुळातला. यानंतर बायबलमधल्याच ‘१ राजे’ या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातील शलमोनाच्या मंदिराचे वर्णन अवश्य वाचावे. तिथल्या स्तंभांच्या माथ्यावर ‘शूशान’, म्हणजे याच शब्दाच्या दुसऱ्या रूपातले फूल, घडवलेले आहे, आणि इजिप्तमधील कमळशीर्षाचे स्तंभ आठवले की क्लाइन यांचे म्हणणे पटते. ‘गीतरत्ना’तली शोशन्ना मात्र दरीत, काट्यांमध्ये उगवते. तिथे कमळ बसत नाही. नाव तेच राहून फूल बदलले असावे, असे माझे मत आहे.

नावाचा माणसांतला प्रवास मात्र वाचकालाच जुळवून घ्यावा लागतो. हिब्रू बायबलमध्ये शोशन्ना हे कोणत्याही स्त्रीचे नाव नाही; ते दानीएलाच्या ग्रंथाला ग्रीकमध्ये जोडलेल्या सुसन्नेच्या कथेत येते, आणि तिथून ते युरोपभर पसरले.

मांडणी हिब्रू आणि इंग्रजीत आहे, आणि क्लाइन यांच्या नोंदी संक्षेपांनी भरलेल्या असल्याने त्या सावकाश वाचाव्या लागतात. इंग्रजी अनुवादांवर विसंबू नये, कारण त्यांत अनुवादकाने एक फूल आधीच निवडलेले असते. आजच्या वापरासाठीही हे साधन अपुरे आहे: बोलीत गुलाबालाही शोशन्ना म्हणतात, काटेकोर भाषेत गुलाब म्हणजे ‘वेरेद’ आणि लिली म्हणजे ‘शोशान’. त्यासाठी जेरुसलेमच्या हिब्रू भाषा अकादमीचे संकेतस्थळ जोडीला ठेवावे, अर्थात हिब्रू वाचता येत असेल तर.