जुन्या वाटांसाठी घेतलेली फोर बाय फोर : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी घेताना खडक चढण्याची हौस नव्हती. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात खेचरांनी ओढायच्या मालगाड्यांचे जुने रस्ते, ओस पडलेल्या खाणी आणि लष्करी ठाण्यांच्या पडक्या भिंती विखुरलेल्या आहेत. तिथवर साधी कार पोचत नाही, म्हणून लो रेंज (चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) असलेली, पोट उंच असलेली जुनी एसयूव्ही घेतली. आता ती पुरेशी धुळीत लोळून झाली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : इतिहास बघायला गाडीची उंची आणि चांगले टायर लागतात. लो रेंज फार क्वचित.

याचं कारण सरळ आहे. जुन्या लोकांनी वाट काढली ती पाणी कुठे आहे आणि चढ किती आहे हे बघून. भरलेली मालगाडी ओढणाऱ्या खेचरांना दीड फुटाची खडकाची पायरी चढवता येत नाही. त्यामुळे आज जिथे फोर-लो (चारही चाकं लो रेंजमध्ये) टाकल्याशिवाय गाडी हलत नाही, तिथला मूळ रस्ता बहुधा पुरात वाहून गेलेला असतो, नाहीतर ती वाट पुढे कुणीतरी बुलडोझरने पाडलेली असते. यूटामधला शंभर मैलांचा व्हाइट रिम रोड घ्या. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी अणुऊर्जा आयोगाच्या पाठबळाने तो झाला. युरेनियम तिथे फारसं सापडलं नाही, रस्ता तेवढा मागे राहिला. अपवाद आहेच : त्याच राज्यातला होल-इन-द-रॉक. १८७९-८०च्या हिवाळ्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांनी कड्यातली फट सुरुंगांनी रुंद केली आणि आपल्या गाड्या दोरांनी धरून कोलोरॅडो नदीवर उतरवल्या. सहा आठवड्यांचा म्हणून सुरू झालेला प्रवास सहा महिने चालला. तिथे जाणाऱ्या रस्त्याचे शेवटचे काही मैल मात्र गाडीचा कस बघतात.

माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते कॅलिफोर्नियातल्या मोहावी रोडवर. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला साधारण १४० मैल. मुळात ही मोहावी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची किनाऱ्याशी व्यापार करायची पायवाट. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री मोहावी वाटाड्यांबरोबर याच वाटेने गेला, १८२६ मध्ये जेडेडाया स्मिथ हा अमेरिकी फर-शिकारी आला, आणि १८५७ मध्ये सरकारसाठी गाडीरस्त्याची पाहणी करणारा एडवर्ड बील चक्क उंट घेऊन नदीपर्यंत पोचला. या वाटेचा 'शोध' कुणी लावला असं कुठे लिहिलेलं दिसलं की मला हसू येतं. वाटाडे सोबत होते ना!

इथे ओडोमीटर शून्यावर आणायचा आणि झरा आला की आकडा बघायचा. पायूट क्रीक, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज : पाणी साधारण एकेका दिवसाच्या मजलेवर येत जातं. १८६०च्या दशकात सैन्याने टपाल आणि मालगाड्यांच्या रक्षणासाठी छोटी ठाणी बसवली, तीही याच पाण्यांवर. नकाशात हे ठिपके दिसतात, पण दोन ठिपक्यांमधला कोरडेपणा गाडीत बसून दिवसभर वाळू तुडवली की कळतो. एका ठिकाणचं पाणी संपलं असतं तर पुढचा अख्खा रस्ताच बंद पडला असता, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

पायूट हिलवर मालगाड्यांच्या लोखंडी धावांनी खडकात कोरलेल्या चाकोऱ्या आहेत. हात फिरवला की चाक कुठून घसरत होतं ते कळतं. तिथे गाडी नेता येत नाही. मोटारींची वाट वळसा घालून जाते, मूळ रस्ता पायीच बघायचा. फोर बाय फोरचं काम तुम्हाला आणि पाण्याच्या कॅनना जवळ आणून सोडणं, एवढंच.

१८८३ मध्ये दक्षिणेकडून रेल्वेमार्ग पुरा झाला आणि हा रस्ता मागे पडला. सोडा लेक या कोरड्या तळ्याबद्दल एक ताकीद : वरचा पांढरा पापुद्रा कडक दिसतो, पण पाऊस होऊन गेला असेल तर खाली चिखल असतो आणि गाडी आसापर्यंत रुतते. शंका असेल तर वळसा घ्या.

खाणींच्या गावांत मला इमारतींपेक्षा कचरा जास्त बोलका वाटतो. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतल्या लेडफील्डचं पोस्ट ऑगस्ट १९२६ मध्ये उघडलं आणि जानेवारी १९२७ मध्ये बंद झालं. उरले पत्र्याचे खोके. (टायटस कॅनियनमधल्या तिथल्या रस्त्याचं ऑगस्ट २०२३च्या हिलरी वादळात मोठं नुकसान झालं, निघण्याआधी चौकशी करा.) अशा जागी पायाखालचा डबा बघावा. झाकणाच्या मध्यभागी डाख दिल्याचा थेंब असेल तर डबा जुन्या पद्धतीचा. जांभळट काच दिसली तर ती बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीची : काचेत मँगनीज घालायचे आणि उन्हाने ती जांभळी होत जाते. बघा, फोटो काढा, जागच्या जागी ठेवा. सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांना १९७९च्या कायद्याचं संरक्षण आहे. कायदा नसता तरी, उचललेल्या डब्याला काही अर्थ उरत नाही.

आता गाडीबद्दल. मायलेज विचारू नका. सगळ्यात उपयोगी पडली ती टायरची हवा कमी करायची सवय. मातीचा रस्ता लागला की मी ३५ वरून २० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) येतो. पन्हाळी पत्र्यासारख्या खडबडीत रस्त्यावर दात वाजायचे थांबतात आणि वाळूत चाक तरंगतं. परत भरायला चांगला कॉम्प्रेसर हवाच. स्वस्तातला पहिला कॉम्प्रेसर उन्हात तापून दुसऱ्या टायरलाच गप्प झाला. टायरची बाजू एकदा धारदार दगडाने कापली. तिथे पंक्चर-किट चालत नाही, पूर्ण आकाराचं स्टेपनीच लागतं. छतावरचा तंबू, विंच (रुतलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र), दिव्यांची माळ यांतलं काही घेतलं नाही आणि अडलंही नाही.

नकाशांसाठी अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे फुकट उतरवता येतात. त्याच प्रदेशाचा शंभर वर्षांपूर्वीचा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवले की वाट कुठे सरकली ते दिसतं. आधी फोनवर उतरवून ठेवा, रेंज मिळणार नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर करारातलं डांबरी रस्ता सोडण्याबद्दलचं कलम वाचा. बऱ्याच करारांत मातीच्या रस्त्यावर विमा लागू होत नाही आणि ओढून आणायचा खर्च तुमच्या बोडक्यावर बसतो.