गॅस जनसेट: नॉक सेन्सर पुरेल, की सिलिंडर प्रेशर सेन्सर घ्यावा?

नॉक सेन्सर ब्लॉकवर बोल्टने बसतो. नॉकिंगने, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच गॅस आपोआप भडकल्याने, धातूला सुटलेली थरथर तो पकडतो आणि कंट्रोलर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. स्वस्त आणि दणकट. पण गॅस उशिरा जळला, किंवा जळलाच नाही, तर त्याला पत्ता लागत नाही.

त्यासाठी एक्झॉस्टचं थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आहेच की, असं मीही म्हणायचो. रबाळ्यात एका बारा सिलिंडरच्या इंजिनावर सगळी तापमानं सारखी दिसत होती आणि इंजिन मात्र गचके खात होतं. दोन दिवस फिल्टर, रेग्युलेटर, वायरिंग तपासण्यात गेले. शेवटी एकेका इंडिकेटर कॉकवर (सिलिंडरचा दाब मोजायला दिलेला छोटा व्हॉल्व्ह) प्रेशर सेन्सर लावून आलेख काढला. सात नंबरमध्ये दाबाचा डोंगर कधी उशिरा चढायचा, कधी चढायचाच नाही. उशिरा जळालेला गॅस एक्झॉस्ट तापवतो, न जळालेला गार करतो, त्यामुळे सरासरी बरोबर जुळत होती. प्लगची गॅप वाढलेली निघाली. १५०० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा ज्वलन होतं. प्रेशर सेन्सर त्यातल्या एकेकाचा हिशेब देतो.

लीन बर्न, म्हणजे जास्त हवेत कमी गॅस जाळणाऱ्या इंजिनाला याचा खरा उपयोग. मिश्रण पातळ केलं की नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे प्रदूषक ऑक्साइड) कमी होतो, पण फार पातळ केलं तर मिसफायर, म्हणजे गॅस पेटतच नाही. त्यात गॅसमध्ये इथेन-प्रोपेन वाढलं, की नॉकिंग लवकर सुरू होतं. निम्मं इंधन क्रँकच्या कोणत्या अंशावर जळलं, हे प्रेशरवरून काढून कंट्रोलर प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं सांभाळू शकतो. माझ्दाने २०१९ च्या स्कायॲक्टिव्ह-एक्स या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला असा सेन्सर दिला.

खर्च मात्र बारा सेन्सरचा. उष्णतेने रीडिंग सरकतं, तेलाची राख चढते. टीडीसी (पिस्टन सर्वात वर असतानाची क्रँकची जागा) एका अंशाने जरी चुकीचा सेट झाला, तरी सरासरी दाबाचा आकडा कित्येक टक्क्यांनी खोटा येतो. म्हणून कमिशनिंग, म्हणजे सेन्सर सेट करून चालू करून देणं, कोण करणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

घोडबंदर रोडच्या सोसायटीत वीज गेल्यावरच चालणारा डिझेल जनसेट असेल, तर या खर्चात पडू नका. गॅस इंजिन दिवसाला चार-पाच तास चालत असेल तर नॉक सेन्सर ठेवा आणि वर्षातून एकदा इंडिकेटर कॉकवरून आलेख काढून घ्या. रात्रंदिवस जवळजवळ पूर्ण लोडवर चालत असेल, तर मी प्रेशर सेन्सरच घेईन. फक्त हेडमध्ये सेन्सरची जागा आहे का, ते आधी पाहा. नसेल तर पुढच्या ओव्हरहॉलला हेड उतरेपर्यंत थांबा.