जिप्सीला टर्बो बसवायचाय? आधी भोसरीच्या या काकांना गाडी दाखवा

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण काकांनीच हात जोडले. "साहेब, आम्ही दोनच माणसं. फोन उचलायला तिसरा नाही." पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) दुरुस्त करणाऱ्या कोणालाही 'ते वास घेणारे काका' म्हणून विचारा, बोट दाखवतील. माझ्याकडून पाचापैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

माझी गाडी २००६ ची जिप्सी किंग, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी. १२९८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. कागदावर ८० बीएचपी आणि १०३ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), पण तो टॉर्क मिळतो ४५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर. जिप्सी चिखलात घातलेल्यांना या शेवटच्या आकड्यातलं दुखणं कळेल. ओल्या मुरमाच्या चढावर दोन हजार आरपीएमला गाडी घुटमळते. रेस दिली की एकदम उसळते आणि चाकं जागच्या जागी माती उडवतात. मला मधलं काहीतरी हवं होतं, खालूनच हळूहळू भरत जाणारं.

बलेनोचं सोळाशेचं इंजिन टाक, असं दहातले नऊजण सांगतात आणि त्यांचं चुकत नाही. पण मी वीस वर्षं गिअर कापतोय, आयतं इंजिन आणून चार बोल्ट आवळण्यात मला गंमत वाटत नाही. दोनशे पानी वही घेतली आणि टर्बोचा बेत मांडायला बसलो.

टर्बो आणला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. स्विफ्ट डिझेलच्या तेराशेच्या इंजिनावरचा छोटा केपी३५, साडेसहा हजारांना. विकणाऱ्याने बोटाने पंखा फिरवला, म्हणाला, "मक्खन है." मीही फिरवला. मक्खनच वाटला.

भोसरीत काकांनी तो हातात घेतला, पण फिरवला नाही. नाकाशी नेला. मग म्हणाले, "जळलाय." डायल लावून शाफ्ट पुढेमागे ढकलला. आडवा प्ले (ढिलाई) थोडा असतोच, कारण शाफ्ट तेलाच्या पडद्यावर तरंगतो. पण पुढेमागे पन्नास-साठ मायक्रॉनच्या वर नको, असं त्यांचं माप. माझा काटा दोनशे ओलांडून गेला. उघडल्यावर शाफ्ट बेअरिंगच्या जागी निळा पडलेला, शाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर ओरखडे. तेलावाचून पळवलेला टर्बो. बोटाने फिरवून यातलं काही कळत नाही, हे शिकायला मला साडेसहा हजार लागले.

कोरचे (टर्बोच्या शाफ्ट-बेअरिंगच्या गाभ्याचे) आतले भाग बदलणं, साफसफाई आणि मशीनवर बॅलन्सिंग, सगळे मिळून ७,२०० रुपये. बॅलन्सिंग मला उभं राहून बघू दिलं, हे विशेष. चालत्या गाडीत हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे मारतो, त्यामुळे नटाच्या कडेचा कणभर धातू घासला तरी आलेखावरची रेघ खाली येते. मी मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, तरी तोंडात बोट घातलं.

माझी वही त्यांनी शांतपणे वाचली. हिशेब असा होता: ५५०० आरपीएमला टर्बोशिवाय हे इंजिन मिनिटाला साधारण साडेतीन किलो हवा ओढतं. ०.४ बार बूस्ट (बाहेरच्या हवेवर तेवढा जादा दाब) आणि मध्ये इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) धरला तर साडेचार किलोच्या आसपास. एवढं हा छोटा टर्बो देऊ शकतो. वरच्या टोकाला तो धापा टाकेल, पण मला कुठे एक्सप्रेसवेवर शर्यत लावायचीय? बाहेरची हवा ३५ अंश असेल तर टर्बोतून निघताना ती ८० च्या पुढे गेलेली असणार, म्हणून इंटरकूलर. त्याला वेगळा पंखाही हवा, कारण चिखलात ताशी आठ किलोमीटरने वारा लागत नाही.

काका म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. तेल परत कसं येणार?"

वहीत त्यासाठी एक बाण होता. फक्त बाण.

त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर सम्प (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) काढला. टर्बोत तेल जातं पंपाच्या दाबाने, पण बाहेर पडतं ते फेस होऊन, आणि खाली उतरतं फक्त स्वतःच्या वजनाने. परतीचा पाइप आतून निदान १६ मिलिमीटर हवा. त्याला कुठेही पोट सुटता कामा नये, आणि तो सम्पमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. हे रस्त्यावरच्या गाडीचं झालं. आमची गाडी नाक वर करून उभी राहते. मग सम्पमधलं तेल मागे धावतं, आणि पाइप मागच्या बाजूला जोडला असेल तर त्याचं तोंड बुडतं. टर्बोतलं तेल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरतं आणि निळा धूर निघतो. मग लोक टर्बोला शिव्या देतात. म्हणून बोंडा (सम्पला वेल्ड करायचं पाइपजोडणीचं तोंड) पुढच्या बाजूला, शक्य तितका वर. "उतारावर काय?" मी विचारलं. "उतारावर तुम्ही रेस देता का?" उतारावर पंपाचा दाब कमी, तेलही कमी येतं, तेवढं निभावतं. माझ्या वहीत पन्नास पानं कॉम्प्रेसरवर, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूवर होती आणि या पाइपवर एक बाण.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. डिझेलचा टर्बो आठशे अंशांच्या आसपासचा धूर सोसायला बनवलेला, पेट्रोलचा धूर पूर्ण रेसवर नऊशेच्या वर सहज जातो. केसिंगला तडा जाऊ शकतो, वेस्टगेटची, म्हणजे जादा धूर बाजूने सोडणारी झडप वाकू शकते. त्यांचा सल्ला: बूस्ट ०.४ च्या वर नेऊ नका, धुराच्या तापमानाचं मीटर लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, आणि या टर्बोत थंड करायला पाणी फिरत नाही, म्हणून गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलवर ठेवा. पाण्यातून गाडी घालायची असेल तर त्याआधीही. लालबुंद बिडावर थंड ओढ्याचं पाणी पडलं की काय होतं हे त्यांच्या भंगारच्या टोपलीत पडलेलं आहे, मागितलं तर दाखवतात.

पेट्रोलची बाजू माझी मला माहीत होती. गाडीच्या कॉम्प्युटरचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो. त्याच्या वर बूस्ट गेलं तरी कॉम्प्युटर समजतो की आपण समुद्रकाठी पूर्ण रेसवर आहोत, आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. त्यात आता पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जास्त पेट्रोल सोडावं लागतं. ऑक्टेन चांगला मिळतो हा फायदा, पण गरीब मिश्रणावर (हवा जास्त, पेट्रोल कमी) बूस्ट दिला तर पिस्टनला भोक पडायला एक चढ पुरतो. त्यासाठी भाचा स्पीडुइनोचा बोर्ड (स्वतः जुळवायचा इंजिनाचा कॉम्प्युटर) जुळवतोय, मोठे इंजेक्टर आणि दुसरा मॅप सेन्सर घेऊन. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा संपली की सोल्डरिंग, असा करार.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळं ऐकून काका म्हणाले, "गाडी कुठाय? कॉम्प्रेशन काढलं?"

काढलं नव्हतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं नव्हतं. गाडी तर मस्त चालत होती ना.

पुढच्या शनिवारी गाडी नेली. गरम इंजिन, चारही प्लग काढून, पूर्ण रेस दाबून दाबाचा गेज लावला: १८२, १८०, १५०, १७८ पीएसआय. तिसरा झोपलेला. चारांमध्ये १४-१५ पीएसआयच्या वर फरक असू नये. त्यांनी तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून परत काढलं. आकडा हलला नाही. तेलाने आकडा वाढला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं. नाही वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मग खाली वाकून टायरांवर थाप मारली. "हे कधी घातले?"

तीन वर्षांपूर्वी. २३५/७५ आर१५. कंपनीचे होते २०५/७० आर१५. दिसायला रुबाबदार, चिखलात पकड चांगली, सगळे करतात. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला: जुन्या चाकाचा व्यास ६६८ मिलिमीटर, नव्याचा ७३३ च्या वर. जवळपास दहा टक्के मोठं चाक, म्हणजे चाकाशी पोचणारा जोर तेवढ्या अंदाजाने कमी. "तुमचा टर्बो आधी हे फेडणार," ते म्हणाले. मी गिअर कापतो. गुणोत्तर हा माझ्या पोटापाण्याचा विषय. आणि हे मला एका टर्बोवाल्याने सांगावं!

हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचं काम दुसरीकडे केलं, काकांनीच पाठवलं तिथे, स्वतः एक पैसा न घेता. व्हॉल्व्ह सीट घासून, नवे सील टाकून गाडी परत जोडली आणि ताम्हिणीकडे नेली. ज्या वळणावर मी कायम दुसरा टाकायचो तिथे तिसऱ्यात निघाली. म्हणजे माझ्या 'टर्बो पाहिजे'मधला निदान एक तुकडा 'व्हॉल्व्ह पाहिजे' होता. उरलेली भूक अजून आहे, त्यामुळे बेत रद्द नाही. पण जिच्यासाठी ०.६ बारची स्वप्नं बघत होतो तिला आता ०.४ पुरेल असं वाटतं.

आता एक गुण का कापला. आठ दिवसांत देतो म्हणाले, तेवीस लागले, आणि दरवेळी फोन केला की "उद्या". टर्बोच्या तोंडाचं गॅस्केट चुकीचं दिलं. बदलून दिलं, पण माझा अर्धा दिवस गेला. बिल म्हणजे पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेले चार आकडे. ज्यांना कंपनीच्या नावाने पक्कं बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं. बोलताना मध्येच उठून दुसऱ्याचं काम करायला जातात, तुम्ही खडूच्या चित्राकडे बघत बसायचं. चहा मात्र दोनदा येतो.

कोणी जाऊ नये तेही सांगतो. 'उद्या बसवून द्या, पैशाचं बघू' म्हणणाऱ्याला ते हात लावणार नाहीत. ते गाडीवर टर्बो बसवूनच देत नाहीत, फक्त टर्बोचं काम करतात आणि डोकं वापरू देतात. फ्लँज लेझरवर कापणं, जाड (शेड्यूल ४०) पाइपचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोत नेणारा जोड वेल्ड करणं, सगळं आपलं आपण. आणि कायद्याचं भान ठेवा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालही आहे. आरसी बुकात नोंदवलेली गाडी मनाला येईल तशी बदलून रस्त्यावर आणता येत नाही. माझी जिप्सी जोडून झाली की ट्रेलरवरून मित्राच्या शेतात जाईल, तिथेच धावेल. हे लिहिताना बायको मागून म्हणाली, ट्रेलरचा खर्च वहीत कुठे आहे?

टर्बो सध्या तोंडांना रबरी बुचं लावून, आत तेल सोडून, माळ्यावर लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. दिवाळीनंतर सम्प उतरवून बोंडा वेल्ड करायचा. भोक कुठे पाडायचं तिथे काकांनी खडूने फुली मारून दिलीय, आणि तोवर गाडी खालून धुवायची नाही, असं बजावलंय.